नवा स्टिरिओ बसवला अन् पॉवरच येईना? घोळ बहुतेक वेळा या तीन वायरींत असतो

गाडी घेताना बऱ्याच जणांचं गणित ठरलेलं असतं. शोरूममधून बेस मॉडेल घ्यायचं, वरच्या मॉडेलचे पैसे वाचवायचे आणि मोठ्या स्क्रीनचा अँड्रॉइड स्टिरिओ बाहेरून बसवून घ्यायचा. सेकंड हँड गाडी असेल तर पहिला खर्चच स्टिरिओचा. छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यांवर एमएच-२० पासिंगच्या अशा गाड्या तुम्हालाही दिसत असतील.

इथपर्यंत सगळं बरोबर. पण पुढं काय होतं? स्टिरिओ बसतो, किल्ली फिरते आणि स्क्रीन काळीच राहते. किंवा गाणं लागतं, पण आवाज वाढवला की बंद पडतं. किंवा दोन दिवस सगळं झकास चालतं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीच स्टार्ट होत नाही.

मग सुरू होते टोलवाटोलवी. स्टिरिओवाला म्हणतो बॅटरी उतरलीय. बॅटरीवाला म्हणतो स्टिरिओ डुप्लिकेट आहे. ऑनलाइन मागवला असेल तर रिटर्नची मुदत संपत आलेली असते. या भानगडीत कुणीतरी सल्ला देतो, "मोठा फ्यूज टाकून बघ, चालेल." तिथून पुढं मामला फक्त पैशांचा राहत नाही. गाडी पेटण्यापर्यंत जाऊ शकतो.

खरंतर अशा वेळी बहुतेकदा स्टिरिओही खराब नसतो आणि बॅटरीही. तीन वायरी असतात, त्यातल्या एकीचं कनेक्शन चुकलेलं किंवा सुटलेलं असतं. ती कशी शोधायची, ते सोप्या भाषेत बघू.

पिवळी, लाल आणि काळी

बाजारात मिळणाऱ्या स्टिरिओच्या मागं वायरींचा गुच्छ असतो. बघून घाबरायला होतं, पण त्यातल्या बऱ्याच वायरी स्पीकरच्या असतात. पांढरी पुढच्या डाव्या, करडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या आणि जांभळी मागच्या उजव्या स्पीकरची. प्रत्येकीची एक जोडीदार, तिच्यावर काळी रेघ. या सगळ्या आवाजाच्या. पॉवरशी यांचा थेट संबंध नाही.

पॉवरच्या वायरी तीनच.

पिवळी वायर बॅटरीची. गाडी बंद असली तरी हिच्यात १२ व्होल्ट कायम असतात. घड्याळ, रेडिओ स्टेशन आणि सेटिंग लक्षात ठेवायला ही लागते. शिवाय बऱ्याच स्टिरिओंचा मुख्य करंटही हिच्यातूनच येतो.

लाल वायर किल्लीची. किल्ली एसीसीवर किंवा ऑनवर गेली की हिच्यात १२ व्होल्ट येतात, किल्ली बंद की शून्य. हिचं काम निरोप्याचं. "मालक आले, चालू हो" आणि "मालक गेले, झोप" एवढंच ती स्टिरिओला सांगते.

काळी वायर अर्थची. करंट पिवळीतून येतो, स्टिरिओतून जातो आणि काळीतून गाडीच्या बॉडीमार्गे परत बॅटरीच्या निगेटिव्हला पोचतो. परतीचा रस्ता नसेल तर पिवळीत कितीही दम असला तरी उपयोग नाही.

इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. हे रंग स्टिरिओच्या बाजूचे आहेत. गाडीच्या बाजूच्या वायरींचे रंग प्रत्येक कंपनी आपल्या हिशोबानं ठेवते. गाडीतली लाल वायर म्हणजे किल्लीचीच असेल असं अजिबात नाही. त्यामुळं "लाल ला लाल, काळी ला काळी" असं जोडून मोकळं झालं की अर्धे घोळ तिथंच होतात.

आणखी एक इशारा. डॅशबोर्डच्या आत पिवळ्या रंगाचं आवरण किंवा पिवळा कपलर दिसला तर हात लावू नका. बहुतेक गाड्यांत एअरबॅगचं वायरिंग ओळखू यावं म्हणून पिवळं ठेवतात. त्यात टेस्ट लॅम्प खुपसला तर एअरबॅग उघडण्याचा धोका असतो.

पॅनल उघडायच्या आधी हे बघा

गडबडीत थेट डॅशबोर्ड खोलू नका. आधी फुकटातल्या गोष्टी तपासायच्या.

पहिली गोष्ट, किल्ली खरंच एसीसीवर आहे का? बटण स्टार्टच्या गाड्यांत ब्रेक न दाबता एकदा बटण दाबलं की बहुतेकदा एसीसी मिळतं. दुसरी, स्टिरिओचं पुढचं पॅनल निघणारं असेल तर ते नीट बसलंय का? तिसरी, रीसेटचं बारीक छिद्र असेल तर पिन घालून एकदा दाबून बघा. अँड्रॉइड स्टिरिओ कधीकधी मोबाईलसारखाच हँग होतो.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे फ्यूज. इथं लोक एकच फ्यूज बघतात, पण फ्यूज किमान दोन ठिकाणी असतो. एक गाडीच्या फ्यूज बॉक्समध्ये, दुसरा स्टिरिओच्या मागं किंवा त्याच्या पिवळ्या वायरीवर. काही गाड्यांत पिवळीचा आणि लालचा फ्यूज वेगवेगळा असतो.

बऱ्याच गाड्यांत स्टिरिओची मेमरी, छताचा दिवा आणि घड्याळ एकाच फ्यूजवर असतात. त्यामुळं स्टिरिओ बसवताना छताचा दिवाही गेला असेल तर समजा, पिवळी वायर कुठंतरी बॉडीला टेकली आणि फ्यूज उडाला. तसंच लाल वायरीच्या लाइनवर बऱ्याचदा चार्जिंगचं सॉकेट असतं. ते बंद पडलं असेल तर एसीसीचा फ्यूज बघायचा. स्टिरिओ न खोलता एवढं कळतं.

नवीन फ्यूज टाकल्या टाकल्या परत उडाला तर तिसरा टाकू नका. कुठंतरी शॉर्ट आहे, तो आधी शोधायचा.

मीटर १२ दाखवतो, तरी स्टिरिओ बंद. कसं काय?

आता पॅनल खोलायची वेळ. त्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. कंपनीच्या जुन्या रेडिओला सुरक्षा कोड असेल तर तो हाताशी ठेवा. नाहीतर बॅटरी परत जोडल्यावर रेडिओ कोड मागतो आणि तो शोधताना नाकी नऊ येतात. वायरी मोकळ्या झाल्या, कुठली उघडी टोकं एकमेकांना टेकत नाहीत हे बघितलं, की टर्मिनल परत जोडायचं आणि मोजायला घ्यायचं.

मल्टीमीटर काहीशे रुपयांत मिळतो. तो डीसी व्होल्टवर ठेवा. काळं टोक बॉडीच्या उघड्या धातूला, लाल टोक गाडीच्या कपलरमधल्या वायरीला.

किल्ली बंद असताना जिच्यात १२ व्होल्ट मिळतात ती बॅटरीची. किल्ली फिरवल्यावरच जिच्यात १२ येतात ती एसीसीची. मगच त्या अनुक्रमे पिवळीला आणि लालला जोडायच्या. बॅटरी चांगली असेल तर इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. १२ च्या खाली असेल तर बॅटरी उतरलीय, आधी ती चार्ज करा. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७ च्या दरम्यान दिसलं पाहिजे.

आता बऱ्याच जणांचा गोंधळ इथं होतो. मीटर १२ व्होल्ट दाखवतो, वायरी बरोबर जोडल्यात, तरी स्टिरिओ मेलेलाच. लगेच निष्कर्ष निघतो की स्टिरिओच खराब आहे.

मीटर मोजताना जवळपास काहीच करंट ओढत नाही. वायरीच्या आतल्या तारांपैकी एकच तार शिल्लक असेल, बाकी सगळ्या तुटल्या असतील, तरी मीटरला पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. स्टिरिओला मात्र काही अँपिअर करंट लागतो. तो त्या एका तारेतून जायला लागला की व्होल्टेज धाडकन पडतं. पाइपला बारीक छिद्र असताना नळावर बोट दाबलं तर पाण्याचा जोर जाणवतो, पण बादली भरायला घेतली की धार करंगळीएवढी. तसाच प्रकार.

म्हणून वायर लोड टाकून तपासायची. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा आणि तो पिवळी आणि काळीच्या मध्ये लावा. हा बल्ब साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो. लख्ख पेटला तर दोन्ही वायरी ठीक. मिणमिणला तर कुठंतरी जोड कच्चा आहे. मग बल्बचं काळीकडचं टोक काढून थेट बॉडीच्या स्वच्छ धातूला लावा. आता लख्ख पेटला? मग दोष काळ्या वायरीत. अजूनही मिणमिणतोय? मग पिवळीत. हा बल्ब फक्त स्टिरिओच्या ओळखलेल्या वायरींवर लावायचा, दुसऱ्या कुठल्याही वायरीवर प्रयोग नको.

काळ्या वायरीत दोष निघण्याचं प्रमाण भरपूर, कारण तिच्याकडं कुणी लक्षच देत नाही. ती रंग लावलेल्या स्क्रूखाली दाबली जाते. रंग करंट जाऊ देत नाही. कधी ती प्लास्टिकच्या फ्रेमला लागून असलेल्या पट्टीला जोडतात, जिचा बॉडीशी संबंधच नसतो. तिथला रंग खरवडून, उघड्या धातूवर घट्ट जोडली की प्रश्न मिटतो. अँटेनाची पिन काढल्यावर स्टिरिओ बंद पडत असेल तर समजून जा, काळी वायर काम करत नाहीये आणि स्टिरिओ अँटेनाच्या आवरणातून अर्थ घेतोय.

लक्षणं बघून दोष ओळखा

१. अजिबात काही येत नाही. आधी फ्यूज, मग काळी, मग पिवळी. तिन्ही ठीक असतील तर लाल.

२. चालतो, पण गाडी बंद केली की सगळं विसरतो. पिवळी आणि लालची अदलाबदल झालीय, किंवा दोन्ही किल्लीच्या वायरीवर जोडल्यात.

३. आवाज किंवा बेस वाढवला की बंद. कच्चा अर्थ, बारीक वायर, किंवा मुख्य करंट चुकून लाल वायरीच्या लाइनमधून ओढला जातोय. स्क्रीनवर प्रोटेक्ट असा शब्द येत असेल तर स्पीकरची वायर बॉडीला टेकलीय का ते बघा. दाराच्या सांध्यात ती घासली जाते.

४. खड्ड्यात गाडी आदळली की बंद, परत आदळली की चालू. नुसत्या पिळून टेप मारलेल्या वायरी. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि उन्हात लावलेल्या बंद गाडीत त्याहून जास्त तापतं. साध्या टेपचा डिंक सुटतो आणि जोड उघडा पडतो. जोड कपलरनं, क्रिम्प करून किंवा सोल्डर करून हीट श्रिंक नळीनं झाकलेला हवा.

५. स्टार्टर मारताना क्षणभर बंद. हा दोष नाही. स्टार्टर फिरताना बॅटरीचं व्होल्टेज पडतं आणि बऱ्याच गाड्या तेवढ्यापुरती एसीसी लाइन बंदच करतात.

६. सकाळी बॅटरी डाउन. लाल वायर थेट बॅटरीवर जोडलीय.

हा सहावा प्रकार नीट समजून घ्या. एसीसीची वायर सापडली नाही की काही जण लाल आणि पिवळी एकत्र पिळून "डायरेक्ट" करून देतात. स्टिरिओ लगेच चालू होतो, गिऱ्हाईक खूश. पण आता स्टिरिओला गाडी बंद झाल्याचं कधीच कळत नाही. लहान पेट्रोल गाड्यांची बॅटरी बऱ्याचदा ३५ अँपिअर-अवरची असते. समजा स्टिरिओ अर्धा अँपिअर ओढत राहिला, तर ७० तासांत ती कागदोपत्री रिकामी. गाडी स्टार्ट न होण्याची वेळ त्याच्या बरीच आधी येते. चिकलठाणा विमानतळावर गाडी लावून चार दिवस बाहेर गेलात तर परत आल्यावर धक्का मारायची तयारी ठेवा. गाडी बंद करून लॉक केल्यावर, थोड्या वेळानं सगळं शांत झालं की, ५० मिलीअँपिअरच्या आत करंट जात असेल तर साधारणपणे ठीक मानतात.

शेंद्र्यात बनलेल्या गाड्यांचा विषय वेगळा

आपल्या शहराचा आणि या विषयाचा एक थेट संबंध आहे. स्कोडानं २००१ मध्ये भारतात पाऊल टाकलं ते शेंद्र्याच्या कारखान्यातून, ऑक्टाव्हिया घेऊन. पुढं लॉरा, सुपर्ब अशा गाड्याही इथूनच बाहेर पडल्या. त्यातल्या कितीतरी आज सेकंड हँड बाजारात आहेत आणि तरुण पोरं हौसेनं घेऊन त्यात नवा स्टिरिओ टाकतात.

स्टिरिओच्या मागच्या कपलरसाठी आयएसओ १०४८७ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार पॉवरच्या कपलरमध्ये ४ नंबरची पिन बॅटरीची, ७ नंबरची किल्लीची आणि ८ नंबरची अर्थची. पण फोक्सवॅगन समूहाच्या जुन्या गाड्यांत ४ आणि ७ यांची अदलाबदल असते. स्कोडा याच समूहातली. कपलर बरोबर बसतो, गाणं लागतं, पण किल्ली काढली की सगळी सेटिंग गायब. म्हणूनच बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच कपलरमध्ये लाल आणि पिवळ्या वायरीच्या मध्ये गोळीच्या आकाराचे सुटे जोड दिलेले असतात. ते काढून लाल-पिवळीची अदलाबदल केली की काम झालं, वायर कापायची गरज नाही.

लॉरासारख्या नंतरच्या गाड्यांत तर किल्लीची वायरच स्टिरिओपर्यंत येत नाही. किल्ली फिरली ही बातमी कॅन बस नावाच्या डेटा लाइनवरून जाते. गाडीतली वेगवेगळी युनिट्स एकमेकांशी याच लाइनवर बोलतात. साध्या स्टिरिओला ती भाषा कळत नाही, म्हणून मध्ये कॅन डिकोडरचा छोटा डबा लावावा लागतो. तो नसेल तर मेकॅनिक तासभर एसीसीची वायर शोधत बसतो आणि शेवटी लाल-पिवळी एकत्र करून देतो. मग सकाळी बॅटरी डाउन. इतर कंपन्यांच्याही बऱ्याच आधुनिक गाड्यांत आता हीच पद्धत आहे, त्यामुळं स्टिरिओ घेतानाच आपल्या मॉडेलचा डिकोडर मिळतोय का ते विचारायचं.

मोठा फ्यूज टाकला तर काय होतं?

आता त्या सल्ल्याकडं येऊ. फ्यूज सारखा उडतोय, मग १० च्या जागी ३० चा टाकू, किंवा चॉकलेटची चांदी गुंडाळू. स्टिरिओ चालतो, म्हणजे प्रॉब्लेम सुटला असं वाटतं.

फ्यूज असतो वायर वाचवायला. वायर जितका करंट सोसू शकते त्याच्या आत फ्यूजनं तुटायचं, हा हिशोब गाडी बनवतानाच केलेला असतो. १० अँपिअरच्या जागी ३० चा टाकला की शॉर्ट झाल्यावर फ्यूज तुटत नाही, वायर तापत राहते. तिचं प्लास्टिक वितळतं. ती डॅशबोर्डच्या आत, प्लास्टिक आणि फोमला लागून असते. पेटल्यावर आपल्याला आधी वास येतो, मग धूर दिसतो. तोवर हाताशी फार वेळ उरलेला नसतो.

फ्यूजचे रंग पाठ करून ठेवा. ७.५ चा तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर जे लिहिलंय तेच तिथं असलं पाहिजे. स्टिरिओच्या जागी हिरवा दिसला तर आधीच्या मालकानं काहीतरी प्रताप केलाय असं समजा आणि वायरिंग तपासून घ्या.

हाच हिशोब अ‍ॅम्प्लिफायरला लागू होतो. बऱ्याच स्टिरिओंच्या खोक्यावर "४ × ५० वॅट" लिहिलेलं असतं आणि मागं फ्यूज असतो १० अँपिअरचा. १० गुणिले १४ व्होल्ट म्हणजे फार तर १४० वॅट आत जातात. मग सतत २०० वॅट बाहेर कुठून येणार? तो आकडा क्षणभराच्या कमाल ताकदीचा. खरा मोठा आवाज हवा असेल तर वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. समजा तो ५०० वॅट आरएमएसचा आणि ८० टक्के कार्यक्षम आहे, तर पूर्ण ताकदीवर तो ४५ अँपिअरच्या आसपास ओढणार. एवढा करंट स्टिरिओच्या वायरीतून घ्यायचाच नाही. बॅटरीपासून वेगळी जाड वायर ओढायची आणि बॅटरीजवळ, साधारण दीड फुटाच्या आत तिच्यावर फ्यूज टाकायचा. फ्यूज डिकीत लावला तर बॅटरी ते डिकी एवढी सगळी वायर बिनसंरक्षणाची राहते.

दुकानात जाताना हे विचारून घ्या

सगळं स्वतः करायची गरज नाही, ऑटो इलेक्ट्रिशियनकडं जा. पण जाताना चार प्रश्न घेऊन जा. माझ्या मॉडेलचा तयार कपलर आहे का, की कंपनीची वायर कापणार? एसीसी कुठून घेणार? अर्थ कुठं मारणार? फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठं? ज्याला काम येतं तो या चारही प्रश्नांची उत्तरं न चिडता देतो.

गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा. वायरिंगमध्ये छेडछाड दिसली तर त्यासंबंधीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. आणि विम्याचंही बघा. बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिकल वस्तूंसाठी इंडियन मोटर टॅरिफमध्ये आयएमटी-२४ नावाची वेगळी तरतूद आहे. त्यात वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के जादा प्रीमियमचा दर दिलेला होता. आज तुमची कंपनी किती घेते ते विचारून घ्या. पण स्टिरिओची किंमत पॉलिसीत नोंदवलेली नसेल तर चोरी किंवा नुकसान झाल्यावर त्याचे पैसे मिळणं अवघड असतं. बिल जपून ठेवा.

तर उद्या स्टिरिओ बंद पडला की आधी छताचा दिवा लागतोय का बघा, मग फ्यूजचा रंग बघा, मग पिवळी, लाल आणि काळी याच क्रमानं जा. आणि "मोठा फ्यूज टाक" म्हणणाऱ्याला हात जोडून नको म्हणा.